पक्का हात

पाणी कोमट आहे असं संमेदनं सांगितलं, तेव्हा अक्षतानं नेहमीप्रमाणं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

यात त्याचा काही दोष नव्हता. ती कुणावरच ठेवत नसे. गॅस बंद केलाय की नाही हे घराबाहेर पडताना दोनदा बघायची, पोरीच्या तापाचा आकडा तीनदा घ्यायची, आणि बादलीत कोपर बुडवल्याशिवाय चार्वीला मोरीत उभी करायची नाही. बाळंतपणात दवाखान्यातल्या मावशींनी सांगितलेली गोष्ट होती ती. बोटं खोटं सांगतात, कोपर सांगत नाही.

"बघितलंय की मी हात घालून," संमेद म्हणाला. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत बादलीत होता. तो पाणी ढवळत होता, आरामात, ताकात रवी फिरवावी तसा. "घे, सोड तिला. पाणी निवंल."

अक्षतानं बाही वर सारली, कोपर टेकवलं आणि झटक्यात काढून घेतलं. कातडी लालबुंद झाली होती. मोठ्या माणसालाही सोसवलं नसतं असं पाणी होतं ते. अडीच वर्षांची चार्वी उघडीनागडी, बादलीच्या काठाला धरून उभी होती.

"अहो, हे कोमट?"

"आं? असंल जरा गरम." त्यानं हात बाहेर काढला, त्याच्याकडं बघितलं, पंचाला पुसला. "तुझं तर काय, सावलीला पण दचकतीस तू. कारखान्यात उगाच पयला नंबर न्हाई तुझा."

ते खरं होतं. धनवडे साहेबांच्या फाउंड्रीत सर्वांत जास्त दचकणारी व्यक्ती म्हणून अक्षता मगदूम हिचं नाव रोजच्या रोज फळ्यावर लागत असे.

*

दचक मोजायची पट्टी कारखान्यात आली त्याला आता दोन वर्षं होत होती. काळ्या रबराची, चार बोटं रुंद, दोन्ही हातांना कोपराखाली बांधायची. कामगारांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं, 'दचक्या'.

तिच्यामागचं शास्त्र साधं होतं. विस्तवाला बोट लागलं की आपण हात मागं घेतो, पण तो निर्णय आपण घेत नाही. चटका मेंदूपर्यंत पोचून 'भाजलं' असं कळायच्या आतच मणक्यातल्या मज्जारज्जूनं हाताच्या स्नायूंना हुकूम दिलेला असतो. त्या हुकमाची बारीकशी वीज स्नायूंतून सळकते. कानाजवळ काही फुटलं, डोळ्यांसमोरून काही सुटलं, तरी तसंच होतं, फक्त हुकूम मेंदूच्या बुडख्यातून येतो. पट्टी ही वीज पकडते. सळक आली की तिच्यावरचा हिरवा दिवा क्षणभर केशरी होतो आणि नोंद पडते: कुठल्या जागी, किती वाजता, कोणत्या हाताला.

कशासाठी हा खटाटोप? तर फाउंड्रीत एक बोट तुटतं, त्याआधी ते शेकडो वेळा तुटता तुटता वाचलेलं असतं. त्या वाचण्याची नोंद कोण करणार? घाम पुसायचा, एक शिवी हासडायची आणि पुढच्या कामाला लागायचं. पट्टी ते हुकलेले अपघात मोजते. हजार तासांत किती दचका, तो दचकांक. दचकांक जितका कमी तितकी जागा सुरक्षित.

याच हिशेबावर 'निर्धोक' मानांकन उभं होतं. कायद्याची सक्ती नव्हती. ज्या मालकाला वाटेल त्यानं आपणहून अर्ज करायचा, आपली दारं-खिडक्या उघडायच्या, कामगारांना तपासणाऱ्यांशी एकट्यानं बोलू द्यायचं. बसलं निकषात, तर फाटकावर पांढऱ्या पंजाचा निळा झेंडा. मग नेहमीच्या सरकारी तपासण्यांतून सूट, आणि परदेशी गिऱ्हाईक दारात. दरवर्षी झेंडा पुढं चालू ठेवायचा तर अर्जावर दोन सह्या लागत, एक मालकाची आणि एक कामगारांच्या प्रतिनिधीची.

ती प्रतिनिधी अक्षता होती. कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करतात त्या विभागात, बायकांनी तिला एकमतानं निवडून दिलं होतं. संख्याशास्त्राची पदवी होती, पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. "हिला आधीच सगळ्याची भीती वाटती," कोअर शॉपची शेवंता म्हणाली होती, "तवा आपल्याला येगळं घाबरायला नको."

आणि तिनं काम केलं होतं. कुठल्या कोपऱ्यावर दचका साठतात याचा नकाशा काढून तिनं भट्टीजवळच्या वळणावर आरसा लावून घेतला, एक पायरी पाडून घेतली, क्रेनची साखळी बदलायला लावली. आकडा उतरला, झेंडा आला. त्या झेंड्यामुळं आलेल्या जर्मन गिऱ्हाइकाच्या पैशातून फाटकाच्या आत पाळणाघर आलं. चार्वी तिथं होती. चहाच्या सुट्टीत अक्षता खिडकीतून तिला बघून येऊ शकत असे. दिवसातून दोनदा, आणि काही निमित्त मिळालं तर तिसऱ्यांदा. झेंडा गेला तर करार थांबणार आणि पाळणाघराला कुलूप लागणार हे करारातच लिहिलेलं होतं. तिनं ते वाचलं होतं. ती सगळंच वाचत असे.

यंदा मात्र आकड्यांत तिला एक खडा लागत होता. फेटलिंगचा आकडा.

फेटलिंग म्हणजे ओतलेल्या कास्टिंगच्या कडांचं जादा लोखंड हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायचं. तेरा माणसं, ठिणग्यांचा पाऊस, दिवसभर थरथरणारं मशीन मुठीत. संमेद तिथंच होता, सात वर्षं. त्या विभागात तिनं काहीही सुधारलं नव्हतं. उलट जर्मन ऑर्डरीसाठी दीड वर्षापूर्वी नवे, जास्त फेऱ्यांचे ग्राइंडर आले होते. तरी दचकांक महिन्यामागून महिना खाली येत होता. आता तो ऑफिसपेक्षाही कमी होता. जिथं लोक फायली चाळतात त्या ऑफिसपेक्षा.

पट्ट्या खुंटीला टांगून ठेवत असणार, असं तिला वाटलं होतं. कुणाला बोलली नाही. नवराच त्या तेरांत होता.

*

खंडेनवमीला मशिनं बंद असतात. हत्यारं धुऊन पुसून मांडली होती. ग्राइंडरना झेंडूच्या माळा, भट्टीला हळदकुंकवाची बोटं. पट्ट्यांनाही हळदकुंकू लागलं, पण हातावरच, कारण काढली की साहेब ओरडतात.

फेटलिंगमध्ये त्या दिवशी वेगळा कार्यक्रम होता. विभागातले सर्वांत जुने दत्तूतात्या लोहार हातात गुळाचा खडा घेऊन उभे होते. चाळीस वर्षांचा रिवाज होता तो. नवीन माणूस आला की पहिले काही महिने कास्टिंग उचलताना 'हाय हाय' करतो, फडकं शोधतो. ज्या दिवशी तो गरम कास्टिंग उघड्या हातानं उचलून, तोंडातून चकार शब्द न काढता, शेजारच्या टेबलावर ठेवतो, त्या दिवशी त्याचा 'हात पक्का' झाला. मग तात्या त्याच्या तोंडात गूळ घालणार, आणि बाकीचे टेबल बडवणार. यंदा सुनील भोईचा हात पक्का झाला होता.

"काय सूनबाई," तात्या अक्षताला म्हणाले. संमेदला ते मुलासारखं मानत, म्हणून ही सूनबाई. "तुमच्या कोअर शॉपला शिकवू काय न दचकायचं? एका गुळाच्या खड्यात."

"आमचा हात कच्चाच बरा, तात्या."

"आगं, कच्च्या हातानं संसार हुतोय व्हय," तात्या म्हणाले, आणि तेरा जण हसले.

आरती झाली. फाटकावर रखवालदारानं प्रथेप्रमाणं सुतळी बॉम्ब लावला आणि सगळा कारखाना एकदम दणाणला.

अक्षता दचकली. मग, दचकल्या दचकल्याच, तिच्या डोक्यात आलं की हा तर अख्ख्या कारखान्याला एकाच क्षणी विचारलेला प्रश्न आहे. ती ऑफिसात गेली आणि अकरा बेचाळीसची नोंद उघडली. एकशे साठ माणसं, एकशे साठ केशरी रेघा. फेटलिंगच्या तेराही जणांच्या रेघा होत्या, चांगल्या उंच, दोन्ही हातांच्या.

म्हणजे पट्ट्या हातांवरच होत्या. बिघडलेल्या नव्हत्या. त्यांचे कान दचकत होते, स्नायू सळकत होते.

मग रोज, आठ आठ तास, तापल्या लोखंडाला हात लावताना ते का दचकत नव्हते?

तिनं मागच्या दीड वर्षातल्या नोंदी दोन ढिगांत वेगळ्या केल्या. आवाज झाला म्हणून, काही अंगावर आलं म्हणून दोन्ही हात एकदम सळकले ते एका बाजूला. चटका, टोचणं, कापणं, जिथं एकच हात मागं येतो ते दुसऱ्या बाजूला. पहिला ढीग होता तसाच होता. दुसरा ढीग महिन्यागणिक झिजत झिजत जवळजवळ संपला होता.

तिला बादली आठवली. ताकासारखं पाणी ढवळणारा हात आठवला. आणि चार्वीच्या झबल्याची बारीक बटणं. गेलं वर्षभर संमेद ती लावत नव्हता, "जा आईकडं" म्हणून पोरीला पाठवून देत होता. ती त्याला आळशी म्हणाली होती.

*

त्या रात्री चार्वी झोपल्यावर तिनं त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं.

"डोळे मिटा."

"आता काय पूजा घालतीस माझी?"

"मिटा की."

तिनं त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. "बोटांनी चाचपून सांगा. शेंगदाणा की हरभरा?"

तो हसला, मग चाचपू लागला. बराच वेळ. "शेंगदाणा."

हरभरा होता. दुसऱ्यांदा शेंगदाणा ठेवला, तो हरभरा म्हणाला. तिनं केसांतली पिन काढली, तिची टोकं फाकवली आणि त्याच्या बोटाच्या पेरावर टेकवली. "एक टोक लागतंय की दोन?" पेरभर अंतर होतं, तरी तो म्हणाला एक.

त्यानं डोळे उघडले. पिन बघितली, हरभरा बघितला. हसू गेलं होतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"सकाळी उठलं की मुंग्या येत्यात. थंडीत बोटं पांढरी पडत्यात खडूवानी. सगळ्यांचंच हाय गं. तात्या म्हंत्यात, हात पिकतोय."

तिनं दुपारभर वाचून काढलं होतं, ते सांगितलं. थरथरणारं मशीन वर्षानुवर्षं मुठीत धरलं की बोटांतल्या बारीक नसा मरायला लागतात. आधी स्पर्श जातो, मग ऊन-गार जातं, दुखणंही जातं. ताकद मात्र राहते, म्हणून कळत नाही. मज्जारज्जू हुकूम द्यायला तयारच असतो, पण त्याला बातमीच पोचत नाही. "अजून सुरुवात असली तर थांबवता येतं. मशीन सोडलं तर थोडंफार परतही येतं. तात्यांएवढं झालं तर नाही."

संमेद हळू म्हणाला, "तू ते सगळ्यांफुडं काडू नकोस. माझं तर न्हाईच. कारागीर म्हणून नाव हाय माझं. हात मेलाय म्हणून हातगाडी वढायला लावतील. आन् झेंडा गेला तर चार्वीला ठेवणार कुठं? तुला तर पाच मिन्टं दिसली न्हाई तर जीव वरखाली हुतोय."

"होतो," ती म्हणाली. "पण त्या दिवशी माझं कोपर नसतं तर?"

ती त्याचे हात आपल्या हातांत धरून बसली. तिच्या बोटांचा दाब त्याला किती कळत असेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिनं जरा जास्त जोरात धरले.

*

विश्वजित धनवडे वाईट माणूस नव्हता. उलट तो चांगला होता, ही अडचण होती.

"अक्षता, गूळ मीपण खाल्लाय," तो म्हणाला. "वडलांनी विसाव्या वर्षी महिनाभर फेटलिंगला टाकलं होतं मला. मालकाचा पोरगा म्हणून तात्यांनी लवकरच भरवला." त्यानं तिचा आलेख दुसऱ्यांदा बघितला, मग कागद पालथा घातला. "आठ दिवसांवर तपासणी आलीय. ती होऊ दे. मग करू की हळूहळू. मशिनं बदलू, डॉक्टर बोलवू. मी नाही म्हणालोय का?"

"तपासणीत फेटलिंगचा आकडा आपण सर्वांत वर दाखवतोय, साहेब."

"खोटा आहे का तो?"

"नाही. खराच आहे."

"मग?"

"खरा आहे म्हणूनच भीती वाटतेय."

धनवडेनं खुर्ची मागं सरकवली. "हे बघ. हा झेंडा काय सरकारनं लादलाय आपल्यावर? आपण आपल्या पायांनी गेलो. जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या फाउंड्रीनं केलंय हे? त्यांच्याकडं पट्टीच नाही, तर दचकांक कुठला. ते मजेत आहेत. आणि जो आपणहून चांगलं करायला गेला त्याचाच झेंडा उतरवायचा?"

"आपल्या पायांनी गेलो, साहेब, म्हणून तर म्हणते. ओढून नेलं असतं तर लपवलं असतं मीपण."

तो खिडकीबाहेर बघू लागला. तिथून पाळणाघराचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. त्यानं ते तिला दाखवलं नाही. तेवढा तो सभ्य होता. तिला मात्र ते दिसलंच.

*

तपासणीच्या दिवशी कँटीनमध्ये सगळे जमले. पथकाच्या प्रमुख डॉ. नसीमा मुल्लाणी बारीक चणीच्या, करड्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी दिवसभर कारखाना पाहिला आणि शेवटी फेटलिंगचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. इतका कमी दचकांक त्यांनी कुठल्याच फाउंड्रीत बघितला नव्हता. टेबलं बडवली गेली. तात्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली.

धनवडेनं सही केली. कागद अक्षतापुढं आला.

तिच्या पट्टीवरचा दिवा केशरी झाला, हिरवा झाला, परत केशरी झाला. समोरच्या बाकावरून शेवंताला ते दिसलं आणि ती गालात हसली.

"सही करायच्या आधी," अक्षता म्हणाली, "फेटलिंगच्या माणसांचे हात बघा, मॅडम. आकडा नको, हात."

तात्या उठले. "सूनबाई, चाळीस वर्सांचा हात हाय ह्यो. आजवर कुणी नाव ठेवलं न्हाई."

"मी नाव ठेवत नाही, तात्या."

"मग काय करतीस?"

कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि नाव न घेता हे पुढं कसं न्यायचं ते तिला कळत नव्हतं. तेवढ्यात मागचा बाक सरकल्याचा आवाज आला.

"माझ्यापास्नं सुरू करा," संमेद म्हणाला.

तो पुढं आला. शेवंतानं दोन स्टीलचे पेले आणले, एकात कूलरचं गार पाणी, दुसऱ्यात चहाच्या किटलीतलं ऊन पाणी. संमेदनं डोळे मिटले आणि दोन्ही पेल्यांना बोटं लावली.

"कुठला गार?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तो थांबला. इतका वेळ की कुणीतरी खोकललं. "डावा."

डावा ऊन होता. त्यानं डोळे उघडले आणि पथकाला नाही, आपल्या विभागाला उद्देशून बोलला. "मागं एका आयतवारी म्या पोरीचं आंगुळीचं पानी बघितलं. कोमट हाय म्हणून सांगितलं. हिनं कोपर घातलं नसतं तर पोरगी भाजली असती. ह्यो माझा पक्का हात."

कुणी टेबल बडवलं नाही. सुनील भोई आपल्या तळहाताकडं बघत होता. दत्तूतात्या सावकाश पुढं आले, डोळे मिटून त्यांनी पेले धरले, आणि पुष्कळ वेळानं म्हणाले, "हितं दोन पेलं हायती न्हवं?"

डॉक्टरबाईंनी त्यांचे हात अलगद सोडवले. "आम्ही उलटं वाचत होतो," त्या म्हणाल्या. आपल्या माणसांना की स्वतःला, ते कळलं नाही.

अक्षतानं कागद उलटला. मागच्या बाजूला दुसरा एक रकाना होता, कुठल्याही कारखान्यानं आजवर न भरलेला: 'स्वेच्छेने ध्वज उतरवून सुधारणा-वर्ष मागत आहोत.' तिनं त्याच्याखाली सही केली आणि कागद धनवडेपुढं सरकवला.

धनवडे तो रकाना वाचत बसला. मग तात्यांकडं बघितलं. "तात्या, महिन्यात पळालो होतो मी फेटलिंगमधनं. आठवतंय?"

"आठवतंय की. भित्रा हुतास."

"वाचलो म्हणायचं," धनवडे म्हणाला, आणि त्यानं पेन उचललं. झेंडा उतरवायला तो स्वतः फाटकापर्यंत गेला.

*

पाळणाघराला तिसऱ्या आठवड्यात कुलूप लागलं. अक्षतानं चार्वीला हातकणंगल्याला सासूबाईंकडं ठेवलं आणि पहिले पंधरा दिवस दर तासाला फोन केला. सासूबाईंनी शेवटी फोन चार्वीच्याच हातात देऊन टाकला.

फेटलिंगमध्ये रबरी मुठींचे, कमी थरथरणारे ग्राइंडर आले. कुणीही दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त मशीन धरायचं नाही असं ठरलं. उरलेल्या वेळात संमेद साचे तपासायला लागला. हातगाडी कुणी ओढायला लावली नाही. निर्धोकच्या नियमांत एक ओळ वाढली: दचकांक फार कमी आला तर अभिनंदनाआधी हात तपासावेत. दत्तूतात्यांनी ग्राइंडर कायमचा खाली ठेवला. त्यांच्या बोटांत काही परत येणार नाही असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. ते रोज येत, टेबलाच्या टोकाला बसत आणि नव्या मुठींना शिव्या देत.

आठवा महिना होता. अक्षता नोंदी घ्यायला फेटलिंगमध्ये आली तेव्हा संमेद बोलता बोलता टेबलावरचं कास्टिंग बाजूला सारायला गेला, फडक्याशिवाय, जुन्या सवयीनं. आणि हात झटकन मागं आला.

"हाय," तो म्हणाला.

उजव्या पट्टीवर केशरी दिवा लागला. एकाच हाताचा. आजूबाजूचे ग्राइंडर एकामागून एक थांबले.

संमेद बोट तोंडात घालून अक्षताकडं बघत उभा होता. तिनं नोंदवही छातीशी धरली होती. तिची स्वतःची पट्टी त्या वेळी सारखी लुकलुकत होती आणि तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

दत्तूतात्या उठले. कोपऱ्यातल्या फळीवरचा डबा त्यांनी दोन्ही तळहातांत धरून आणला, कारण बोटांनी झाकण उघडत नसे. "सूनबाई, काड जरा," ते म्हणाले. तिनं झाकण काढलं. आत गूळ होता.

तात्यांनी खडा उचलला, तो बोटांत आहे की नाही हे डोळ्यांनी नीट बघून घेतलं, आणि संमेदच्या तोंडात घातला.

"बडवा की रं," ते बाकीच्यांना म्हणाले.